मालकांचं एक मत

देऊळगाव राजात ज्यांच्याकडे मी भाड्याने राहिलो, त्या घरमालकांना घराला पांढरा रंग द्यायचा होता, आणि घर गुलाबी होतं. साधंसुधं गुलाबी नाही. लग्नाच्या मांडवात सरबताच्या पिंपात दिसतं तसलं. खोली बघायला गेलो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "रंग वेगळाच दिलाय."

"मले पांढरा पायजे होता," ते म्हणाले. "पन मी पडलो."

मला वाटलं, रंगकामाच्या वेळी शिडीवरून पडले असतील. मी विचारलं, "फार लागलं का?"

त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "थोडं."

सामान आणल्यावर दोन दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या झेरॉक्सवाल्याने मला खुलासा केला. मालक शिडीवरून नव्हे, सभेत पडले होते. घराला कोणता रंग द्यायचा यावर त्यांनी भाडेकरूंचं मतदान घेतलं होतं, आणि रंगाचे पैसे स्वतःच्या खिशातून देऊन ते त्या गुलाबी घरात राहत होते.

मी एका बियाणे कंपनीत सुपरवायझर. देऊळगावच्या आसपास जाळीच्या शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं तयार करतात, ते बघत गावोगाव मोटरसायकलवर फिरायचं हे माझं काम. मी निफाडकडचा, इथे कोणी ओळखीचं नव्हतं. मालकांच्या खोल्या बसस्टँडच्या मागे एका ओळीत होत्या. पुढे फरशीचं अंगण, अंगणात सगळ्यांना मिळून एक नळ, आणि टोकाला मालकांचं स्वतःचं घर. त्यांना 'मालक' म्हटलेलं आवडत नसे. "भाऊ म्हना," असं ते प्रत्येकाला सांगत, आणि प्रत्येक जण त्यांना मालकच म्हणे. या एका बाबतीत त्यांनी मतदान कधी घेतलं नाही. बहुधा निकाल ठाऊक असावा.

ते मूळचे पिंपळगाव राजाचे, तिकडच्या खामगाव भागातले. सगळी नोकरी एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार हे भोंग्यावरून सांगण्यात उमर गेलेली. निवृत्तीनंतर भोंगा गेला, पण आवाज तोच राहिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ते अंगणाच्या मधोमध उभे राहत आणि एक हात कानाशी नेऊन पुकारा करत, "भाडेकरू लोकायनं लक्ष द्यावं. सभा पाच मिनटात सुटनार हाय." मग आपापल्या खोलीतून माणसं निघत. कोणी दाढीचा साबण तसाच ठेवून, कोणी पोराला कडेवर घेऊन. सभा 'सुटायची' म्हटल्यावर लोकांना धावल्यासारखं व्हायचं.

आधी हात वर करून मतं घेत. पण मालकांच्या लक्षात आलं की झेरॉक्सवाल्याच्या बायकोचा हात नवऱ्याच्या हाताकडे बघून वर जातो. पुढच्या महिन्यात त्यांनी घरातला स्टीलचा डबा आणला आणि झाकणाला भोक पाडलं. हरभरा म्हणजे हो, तूर म्हणजे नाही. दाराच्या पडद्याआड जायचं, मूठ भोकावर धरायची, दाणा सोडायचा. बायकांनाही स्वतंत्र दाणा. पुरुष कुरकुरले, "एका खोलीची दोन मतं कशी?" मालक म्हणाले, "खोलीले मत नसते. मानसाले असते." त्यानंतरच्या पहिल्याच मतदानात नळावर पहिला नंबर रोज बदलता ठेवायचं ठरलं. आदल्या दिवसापर्यंत तसं म्हणणारं एकही माणूस अंगणात नव्हतं. नवरे एकमेकांकडे बघत राहिले आणि बायका चुलीकडे गेल्या.

मालकांचा स्वतःचा दाणा एकच. माझ्या देखत त्यांची बाजू जिंकलेली मी पाहिली नाही. भाडं तेवढं त्यांनी सभेबाहेर ठेवलं होतं. मी एकदा चिडवलं, "म्हणजे खरी सत्ता तुमच्याकडेच."

"हाव," ते म्हणाले, "तेवढा मी बदमाश हाय. पेन्शन कमी पडते."

हे सगळं चाललं होतं तेव्हा गावात निवडणूकच नव्हती. नगरपालिकेची मुदत संपून वर्षं झाली होती, कोर्टात काही अडकलं होतं, आणि कारभार प्रशासक बघत होता. नगरसेवक सगळे माजी झाले होते. नाली तुंबली की कोणाच्या दारात जायचं हे कळेना. मालक अर्ज घेऊन कचेरीत गेले, तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर नाली आधीपेक्षा लवकर साफ झाली. झेरॉक्सवाला सभेत उठून म्हणाला, "बघा मालक. कोणी निवडून दिला नाही, तरी काम झालं. उलट लवकर झालं. मग मतदानाचं एवढं कौतुक कशाला?"

"काम झालं," मालक म्हणाले. "मी साहेबाले नावं नाही ठेवत. पन उद्या नाही झालं, तं तुमी त्याले पाडसान कसं?"

झेरॉक्सवाला हसला. "ज्याला पाडता येत होतं त्यानं काय दिवे लावले?"

मालकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसला. अडले की ते तसं करत.

त्यांना हे वेड कशातून लागलं, ते मी एकदाच विचारलं. उन्हाळा होता. मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा करत होतो, कारण त्यांचे गुडघे दुखत होते. आत इतकं उकडत होतं की चहाला आधण येईतो माझा शर्ट भिजला. मी म्हणालो, "इथे एक खिडकी पाहिजे होती."

"हाय ना. त्या बाजूले हाय." त्यांनी बैठकीच्या खोलीकडे बोट दाखवलं. "घर बांधलं तवा मिस्त्री म्हने, खिडकी कुठं ठेवू? म्या सांगतलं, तिकडं ठेव, रस्ता दिसन. मी बसनार होतो ना तिथं. माझी बायको इथं उभी राह्यली सारी जिंदगी. तिले म्या इचारलंच नाही. ती बी बोलली नाही. ती गेल्यावर मी पह्यल्यांदा इथं भाकर टाकाले उभा राह्यलो, तवा समजलं का खिडकी चुकीच्या भितीले हाय."

त्यांनी ती नंतर पाडून या बाजूला का घेतली नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी चहा गाळला.

दुसऱ्या वर्षी कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. तिथे राहणारं कुटुंब जालन्याला गेलं. थोड्याच दिवसांत एक टेलर खोली बघायला आला, साखरखेर्ड्याचा, मुसलमान. बरोबर मुलगी होती. ती इथल्या कॉलेजात शिकत होती आणि रोज एसटीने ये-जा करण्यात तिचे सकाळचे तास बुडत होते. बापाला दुकानही इथेच टाकायचं होतं. तो, बायको आणि ही मुलगी, एवढीच माणसं. नेमका पहिला रविवार होता. अंगणात सगळे होतेच. अंगणवाडीच्या ताई, म्हणजे माझ्या पलीकडच्या खोलीतल्या, त्यांनी चहा केला. मुलीला विचारलं, कोणता विषय घेतलास, आणि बजावलं, कँटीनचं खाऊ नकोस, पोट बिघडतं. झेरॉक्सवाल्याने दुकानाचा गाळा कुठे स्वस्त मिळेल ते सांगितलं, गाळ्याच्या मालकाचा फोन नंबरसुद्धा दिला. मुलगी नळाकडे बघून हसली आणि म्हणाली, "पाणी इथं दारातच आहे."

मालक खुशीत होते. टेलरला म्हणाले, "आमच्याकडं नवा भाडेकरू सभेत ठरते. कायदा हाय आमचा. दोन मिनटाचं काम."

टेलरने त्यांच्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला. "मतदान करता?"

"हाव. गुप्त."

"बरं," टेलर म्हणाला. "आम्ही फाटकापाशी थांबतो."

बाप आणि मुलगी फाटकापाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. आम्ही एकेक करून पडद्याआड जाऊन आलो. विरोधात कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मग मालकांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला.

पेपरवर तूरच तूर पसरली. हरभरे तीन. एक त्यांचा, एक माझा. तिसरा कोणाचा, ते मला आजही माहीत नाही.

मालकांनी दाणे बोटाने वेगळे करून पुन्हा मोजले. कोणीतरी म्हणालं, पाण्याची टंचाई आहे, माणसं वाढवून चालणार नाही. त्या खोलीत आधी पाच जण राहत होते. झेरॉक्सवाला हळू आवाजात म्हणाला, "मालक, नियम तुमचाच आहे." तो खोचकपणे म्हणाला नाही. तो खरंच नियमाबद्दल बोलत होता.

मालक उठून फाटकाकडे निघाले. ते अर्ध्या अंगणात असतानाच टेलरने त्यांची चाल पाहिली असावी. त्याने मुलीच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "चल बेटा." मालक पोचले तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या साहेब, सांगू नका. बाकीच्या ठिकाणी सांगतात, खोली कालच गेली. तुम्ही निदान मोजून पाहिलं." चहाबद्दल त्याने ताईंच्या दाराकडे लांबूनच हात केला. ताई घरात गेल्या होत्या.

त्यानंतर आठवडा गेला. मग एका संध्याकाळी मालक माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"सुपरवायझर, चूक कोनाची झाली?"

मी म्हणालो, "लोकांची. दुसऱ्या कोणाची?"

"नाही," ते म्हणाले. "लोकायले म्या इचारलं, तवा त्यायनं सांगतलं. चूक इचारन्यात झाली. खोली रिकामी, मानूस कामाचा, भाडं द्याले तयार. त्यात इचारासारखं काय होतं? उद्या मी इचारीन का या ताईले इथं राहू द्याचं का नाही, तं ते बी मोजाचं? तुमाले ठेवाचं का नाही, ते बी मोजाचं?" ते दाराच्या चौकटीला टेकले. "काही गोष्टी डब्यात टाकाच्याच नसतात. हे मले अगोदर समजाले पायजे होतं. तिले इचारलं नाही, ही एक चूक. यायले इचारलं, ही दुसरी. आता इतक्या वयात शिकाचं कधी?"

पुढच्या आठवड्यात मला साखरखेर्ड्याच्या बाजूला शेडनेट बघायला जायचं होतं. मालक माझ्या मागे बसून आले. सिंदखेडराजा सोडल्यावर रस्ता खराब लागला, त्यांचे गुडघे प्रत्येक खड्ड्याला बोलत असणार. टेलरचं दुकान बाजारपेठेत होतं. गळ्यात टेप, समोर कापड, तो कापत होता. त्याने कात्री बाजूला ठेवली, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

मालक बसलेच नाहीत. म्हणाले, "खोली रिकामीच ठेवली हाय. तुमी या. आता सभा नाही, काही नाही. मालक म्हनून सांगून राह्यलो."

तेवढ्यासाठी त्यांनी 'मालक' हा शब्द स्वतःहून वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

टेलर म्हणाला, "खोली मिळाली भाऊ. देऊळगावातच, आमच्या लोकांच्या मोहल्ल्यात. लहान आहे, कॉलेज दूर पडतं, पण मिळाली."

"तिथून माझ्याकडं या. कमी भाड्यात या."

"नको." टेलरने कापडावरची खडूची रेघ बोटाने पुसली. "रागानं नाही म्हणत. तुम्ही माणूस चांगले आहात, तुमचा दाणा कोणता होता ते मला माहीत आहे. पण बाकीच्यांचे दाणेही आता मला माहीत आहेत ना. माझी पोरगी सकाळी नळावर जाईल, तर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हाच विचार करेल, ही त्यातली का, हा त्यातला का. गुप्त होतं म्हणून तर जास्त. तिला अभ्यास करायचा आहे."

आम्ही चहा घेतला. परत येताना अर्ध्या वाटेवर मालक म्हणाले, गाडी थांबवा. मला वाटलं, गुडघे मोकळे करायचे असतील. ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, शेताकडे बघत. मग म्हणाले, "खरं बोलला तो," आणि पुन्हा गाडीवर बसले.

पुढच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, कोण राहील आणि कोण नाही हे यापुढे सभेपुढे येणार नाही. झेरॉक्सवाला उठला. "म्हणजे जे तुम्हाला पटलं नाही ते बाहेर. मग आम्ही कशाला यायचं? रंग ठरवायला?"

मालकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. नंतर मला म्हणाले, "त्याचं बी खरं हाय. पन माझं बी खरं हाय. दोन्ही कसं खरं असन, ते समजत नाही मले."

तिथून सभा आटत गेली. ते पुकारा करत आणि दारं उघडत नसत. कोणी आतूनच सांगे, "तुम्हीच ठरवा मालक." रविवारची सुट्टी एकच, बाजार असतो, पाहुणे असतात. पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचं तरी तुम्हीच ठरवा. अंगणातल्या दिव्याचं बटण कुठे, तुम्हीच ठरवा. लोक रागावले नव्हते. दमले होते. मालकही दमले होते, पण त्यांना 'तुम्हीच ठरवा' म्हणायला कोणी नव्हतं.

अशातच गावात एकदाची निवडणूक लागली. इतकी वर्षं मत न दिलेल्या गावात मग रोज भोंगे. हात जोडून माणसं अंगणात यायला लागली. एक तरुण उमेदवार आला, गळ्यात उपरणं, मागे दहा-बारा जण. मालकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, काय पाहिजे ते सांगा. करून देतो."

मालक म्हणाले, "पायजे काही नाही. तुमी निवडून आल्यावर आमाले काय काय इचारसान, ते सांगा."

उमेदवाराने मागे वळून कार्यकर्त्यांकडे पाहिलं. "विचारायचं काय काका? या वॉर्डाचे प्रश्न मला सगळे पाठ आहेत."

"तेच तं," मालक म्हणाले.

तो हसला, पत्रक देऊन पुढे गेला. पुढे तो निवडून आला. माणूस वाईट नव्हता, दिसला की नमस्कार करायचा. अंगणात परत आला नाही. त्याला बोलावलंही कोणी नव्हतं. मालक मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच गेले आणि रांगेत खुर्ची देत होते ती घेतली नाही. "उभं राह्यल्यानं मत वाढत नाही," झेरॉक्सवाला त्यांना म्हणाला. "कमी बी होत नाही," ते म्हणाले.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी झेरॉक्सवाल्याने सभेत प्रस्ताव आणला, सभा बंद करावी. मालकांनी तो वाचून दाखवला आणि मतदान ठेवलं. त्या दिवशी अंगण भरलं होतं. एवढी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. एरवी न येणारेही पोरांसकट आले. दाणे पेपरवर ओतले तेव्हा हरभराच हरभरा होता. तूर एकच निघाली.

मालकांनी निकाल पुकारला, त्याच आवाजात. "सभा बंद झाल्याचं जाहीर करन्यात येत हाय. लोकायनं नोंद घ्यावी." मग दाणे गोळा करून, तूर आणि हरभरा निवडून, वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ते आत गेले. झेरॉक्सवाला त्यांच्या मागे दारापर्यंत गेला. "मालक, मनावर घेऊ नका. आमचा तुमच्यावर विश्वास आहे. म्हणूनच."

"हाव," मालक म्हणाले. "तेच मले जड जाते."

पुढचे काही महिने सगळं सुरळीत चाललं. मालक ठरवायचे आणि लोक मान डोलवायचे. ते नेमकं कसं ठरवतात, ते मला उन्हाळ्यात कळलं. नळाला पाणी फारच कमी झालं होतं. अंगणात बोअर मारायची, की टाकी मोठी करून टँकर घ्यायचा, हा प्रश्न होता. बोअर मारली तर अंगण उखडणार, मशीन दोन दिवस चालणार, आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. एका सकाळी नळावर अंगणवाडीच्या ताई मला म्हणाल्या, "काल मालक आले होते. लिंबं घेऊन. तासभर बसले. त्यांना घरात करमत नसावं हो."

"काय म्हणत होते?"

"काही नाही. पोरांचं विचारलं, गावाकडचं विचारलं. मध्येच म्हणाले, बोअरची मशीन आली तर पोरं झोपतील का? मी म्हटलं, झोपतात कशाची."

झेरॉक्सवाल्याकडे ते आधारकार्डाची कॉपी काढायला गेले होते. आधारकार्डाच्या कॉप्या त्यांनी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा काढल्या, असं तोच हसत सांगत होता. कॉपी निघेपर्यंत त्यांनी टँकरवाल्यांचा विषय काढला होता. प्रत्येक दारात ते काहीतरी निमित्त घेऊन जात होते. अंगण लहान असलं तरी त्या गुडघ्यांनी ओळीतल्या सगळ्या पायऱ्या चढायला-उतरायला त्यांना दिवस पुरत नसे. आणि आपल्याला कोणी काही विचारून गेलं, हे कोणाच्याच लक्षात येत नव्हतं.

माझ्याकडे ते सगळ्यांत शेवटी आले, त्याच दिवशी दिवेलागणीला. मी नुकताच परतलो होतो. दिवसभर शेडनेटमधली उष्णता अंगात भरलेली होती आणि पायातले बूटही काढले नव्हते. ते उंबऱ्यावर बसले. मिरचीला यंदा काय भाव आहे, निफाडला पाऊस पडतो का, आईची तब्येत कशी, असं चाललं. मग म्हणाले, "बोअरचं काय वाटते तुमाले?"

मला खरंच काही वाटत नव्हतं. डोकं चालत नव्हतं. मी म्हणालो, "तुम्हीच ठरवा ना भाऊ."

त्यांनी मान हलवली, 'हो' म्हणून नव्हे, 'नाही' म्हणूनही नव्हे, नुसती ऐकल्यासारखी. पण उठले नाहीत. अंगणात एकेका खोलीतला दिवा लागला. कोणाचा तरी कुकर वाजला. ते गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसून होते, घाई नसलेल्या माणसासारखे, आणि माझ्याकडे बघतही नव्हते. शेवटी मी बूट काढले, त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो, आणि बोअरचा विचार करायला लागलो.